माइक आमचा, बाकी सामान तुझं

सेलू,
५ डिसेंबर १९९९

प्रिय निक्या,

जय भीम. तुझ्या स्टुडिओच्या पत्त्यावर एक पार्सल येईल. घेताना हलवून बघू नकोस. आत कॅसेट आहे आणि त्या कॅसेटमध्ये आमचा महिन्याभराचा घाम आहे.

दिवाळीत तू सेलूला आलास तेव्हा मी म्हणालो होतो, आम्ही मेटलचं गाणं रेकॉर्ड करणार. तू हसलास. आता बघ केलं की नाही! सावंगीला मेडिकल कॉलेजच्या मागे ओमप्रकाशची खोली आहे. तो शेवटच्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो आणि परीक्षा पुढे ढकलतो. त्याच्या मामाकडून चार ट्रॅकचं मशीन मिळालं. एका ट्रॅकवर ड्रम, दोनवर गिटार, चौथ्यावर मी. भिंतींना गाद्या लावल्या तरी घरमालकीण शोभाबाई जिना चढून आल्याच. "काऊन रे, कोणाले मारून राह्यले का?" ओमप्रकाश म्हणाला, "मौसी, गाना है." त्या म्हणाल्या, "मंग गा ना, बोंबलता काऊन?"

गायलो तुमच्या घरच्या रुपेरी माइकवर, तू दिवाळीत वापरायला दिलास त्याच्यावरच. माझ्या बाबांना मी सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांना तू सांगितलंस का, ते तुझं तू बघ.

आता मुद्दा. नागपूरच्या एका स्पर्धेला हे गाणं पाठवायचं आहे. तू पुण्यात रोज हेच काम करतोस, तेव्हा मिक्सिंग तू करून दे. गिटार छातीत बसली पाहिजे, ड्रमनं दार हललं पाहिजे. माझा आवाज मात्र मागे ठेव. अगदी मागे. या संगीतात शब्द कळलेच पाहिजेत असा काही नियम नाही. जाहिरातींची गाणी करून तुला जी सवय लागली आहे ती इथे चालवू नकोस.

बाबा बरे आहेत. लग्नसराई असल्यामुळे साऊंड सर्व्हिसचे दोन्ही भोंगे कुणाच्या ना कुणाच्या मांडवावर चढलेले असतात. वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून आलो की मी वायरी गुंडाळायला बसतो. बाकी सेलू तू सोडून गेलास तसंच आहे.

तुझा,
अंकित


पुणे,
१४ डिसेंबर १९९९

प्रिय अंकित,

पार्सल सुखरूप आलं. हलवून पाहिलं, कारण तू नको म्हणालास. आमच्याकडे तसलंच एक जुनं मशीन पडून होतं, त्यामुळे चारही ट्रॅक वेगवेगळे निघाले.

आधी कौतुक. गिटार ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. ओमप्रकाशला सांग, त्यानं परीक्षा पुढे ढकलत राहणं पेशंटांच्याही हिताचं आहे.

आता तुझी खरडपट्टी. तुझा आवाज मागे ठेवायची गरजच नाही, तो आधीच विहिरीत पडलेला आहे. चौथा ट्रॅक एकटा लावून ऐकला तर नुसतं घूं घूं. तू माइकची जाळी मुठीत धरतोस आणि वर तिला ओठ चिकटवतोस, खरं की नाही? तसं केलं की खर्ज फुगतो आणि क, च, ट, त ही अक्षरं त्याच्याखाली चेंगरतात. शब्द कळतो तो या अक्षरांमुळे. आ आणि ओ तर बैलही म्हणतो. जाळी मोकळी सोड, तोंड आणि माइक यांच्यात चार बोटं अंतर ठेव आणि पुन्हा गा. निम्मं काम तिथेच होईल.

आणि त्या माइकचे तरी हाल करू नकोस रे. त्याच्यामुळे तर मी या धंद्यात पडलो. सप्ताहाच्या आधी कवडूकाका तुला आणि मशीन, भोंगे, वायरी घेऊन यायचे आणि आमचे बाबा दुकानाच्या गादीवरून हाक द्यायचे, "कवडू, माइक आमचा, बाकी सामान तुह्यं!" मला कोण अभिमान वाटायचा. कवडूकाका सोडले तर साऱ्या सेलूत स्वतःचा माइक असलेलं घर आमचं एकट्याचं. आई तर तो देवाच्या भांड्यांसारखा जपायची. जाळी फिरवून काढायची, धुवायची, तुळशीपाशी उन्हात वाळवायची. यंत्राची निगा कशी राखावी हे मी तिच्याकडून शिकलो. इथे काम संपलं की मी माइक पुसून ठेवतो, सगळे मला हसतात.

शब्द लिहून पाठव. शब्द समोर असले की कुठलं अक्षर कुठे बुडतं आहे ते शोधता येतं. आत्ता मला एकच कळतं आहे, "धुवा, धुवा". मागच्या आठवड्यात आम्ही कपड्यांच्या साबणाची जाहिरात केली, तिच्यातही इतकं धुणं नव्हतं. लाँड्री काढतो आहेस का?

तुझा,
निकेश


सेलू,
२२ डिसेंबर १९९९

प्रिय निकेश,

शब्द पाठवणार नाही. पुन्हा गाणारही नाही. ओमप्रकाशच्या मामानं मशीन परत नेलं, हे एक कारण. दुसरं कारण असं की मी जसा गायलो तसाच मला गायचं होतं. चार बोटं अंतर ठेवून ते गाणं गाता येत नाही.

आवाज हेही एक वाद्य आहे असं समज. गिटारचे शब्द कुणी विचारतं का? आवाज कमीजास्त करायची ती दांडी, तुझा तो फेडर, खाली ओढ आणि मोकळा हो. स्पर्धेची तारीख जवळ आली आहे.

तुझं माइकचं पुराण वाचलं. मलाही तो माइक आठवतो. मला थोडा वेगळा आठवतो.

अंकित


पुणे,
४ जानेवारी २०००

प्रिय अंकित,

एवढं चिडायला काय झालं? लाँड्रीचं लागलं असेल तर ते मागे घेतो.

पण ऐक. रविवारी स्टुडिओ बंद असतो, मालक मला चावी देतात. दोन रविवार तुझ्यावर घालवले आहेत. पहिल्या रविवारी मी नवशिक्यासारखा वागलो. तुझा आवाज वाढवला, तर गिटार बारीक वाटायला लागली. गिटार वाढवली, तर ड्रम पडला. ड्रम वाढवला, तर तू पुन्हा गायब. शेवटी पंगतीत सगळेच वाढप्याला एकदम हाका मारतात तसं झालं, कोणालाच काही मिळेना.

दुसऱ्या रविवारी डोकं ठिकाणावर आलं. आवाज वाढवायचा नसतोच, त्याला जागा करून द्यायची असते. आधी तुझा फुगलेला खर्ज कापला. मग तुझी अक्षरं ज्या पट्टीत वाजतात, तेवढ्याच पट्टीत दोन्ही गिटार थोड्या कमी केल्या. एक डावीकडे सरकवली, एक उजवीकडे. मधे तुझ्यासाठी वाट मोकळी झाली आणि गंमत म्हणजे गिटार कमी झाल्यासारखी मुळीच वाटत नाही. तू ओळीचा शेवट गिळतोस, तिथे मी बोटानं फेडर वर नेतो आणि लगेच खाली आणतो. मग सगळं इतकं बारीक केलं की खिडकीबाहेरचा भाजीवाला ऐकू यावा. कुजबुजीएवढ्या आवाजात जे कळतं ते मोठ्यानं लावल्यावर कळणारच.

"जाळी" आली. "तार" आली. बाकीचं पुढच्या रविवारी उकलतो. तू शब्द दिले नाहीस तरी मी ते बाहेर काढणार, हे लक्षात ठेव. चोरून चाललेलं प्रेमप्रकरण असेल तर आत्ताच सांगून टाक.

तुझा,
निक्या


पुणे,
२४ जानेवारी २०००

प्रिय अंकित,

मिक्स सोबत पाठवतो आहे. तुझंच बरोबर होतं. या प्रकारच्या संगीतात आवाज मागेच शोभतो. मी तो आणखी थोडा मागे घेतला आहे आणि त्याच्यावर घुमारा टाकला आहे, म्हणजे तो गिटारमध्ये मिसळून जाईल. ड्रम छान बसला आहे.

इथे कामाची गडबड आहे. कवडूकाकांना नमस्कार सांग.

निकेश


सेलू,
२ फेब्रुवारी २०००

निकेश,

म्हणजे तुला ऐकू आलं.

दोन पत्रं भरून तू मला आवाज कसा मोकळा करतात ते शिकवलंस. भाजीवाल्यापर्यंत गेलास. आणि तिसऱ्यात एकदम घुमारा? ओमप्रकाशला मिक्स फार आवडला. मी एकदा ऐकला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मी मागितलं होतं तेच तू दिलंस, तरी मला राग आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

तुला कळलेच आहेत, तरी आता शब्द लिहून देतो.

जाळी धुतली, तार धुवा
तार धुतली, भोंगा धुवा
भोंग्यातून गेला बाप माह्या
आता सारं सेलू धुवा

आपण चौथीत होतो. सप्ताहाच्या आदल्या दिवशी तुमच्या दुकानासमोर बाबा लाइन तपासत होते आणि त्यांचा स्वतःचा माइक मुका झाला. ओट्यावर तुमचा माइक होता. बाबांनी तो जोडला, हॅलो हॅलो म्हणाले, आणि खुशीत होते म्हणून एका भीमगीताच्या दोन ओळी म्हटल्या. बाजारभर आवाज गेला. लोक थांबून वर भोंग्याकडे बघत होते. मी खाली वायर धरून उभा होतो आणि हा माझा बाप आहे असं सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं.

मग काकू बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. माइक घेतला, जाळी फिरवून काढली, न्हाणीत नेऊन धुतली आणि तुळशीपाशी ठेवली. घरी जाताना मी विचारलं तर बाबा म्हणाले, "माह्या हाताले तेल होतं बाप्पा, म्हून धुतली." हाताला तेल नव्हतं. तोच हात धरून मी घरी चाललो होतो.

तू त्याला निगा म्हणतोस. मी जाळीला ओठ का चिकटवले, हे तुला आता सांगायला नको. दिवाळीत तू तो माइक सहज माझ्या हातात दिलास. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. गाणं त्याच आठवड्यात लिहिलं.

आवाज मागे ठेव म्हणालो, कारण तू ऐकशील याची भीती वाटत होती. पण नागपुरात मिक्सिंग करणारे काय कमी होते? तरी कॅसेट तुलाच पाठवली. त्याचा अर्थ मलाही आत्ता लिहिताना कळतो आहे.

अंकित


पुणे,
११ फेब्रुवारी २०००

प्रिय अंकित,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. उत्तराची सुरुवात तीनदा फाडली.

तिसऱ्या रविवारी चारही ओळी स्वच्छ आल्या. खरं सांगतो, आधी आनंद झाला, कारण काम जमलं होतं. मी टाळी वाजवली. शब्दांचा अर्थ त्यानंतर डोक्यात शिरला. मग मी फेडर खाली ओढला. तू तसंच सांगितलं होतंस, पण मी तो तुझ्यासाठी नाही ओढला. आईबाबांसाठी ओढला, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी. मला माझा तो माइक हवा होता, तुळशीपाशी चमकणारा.

आई जाळी धुवायची तेव्हा मी शेजारी बसलेलो असायचो. ती वर्षातून एकदाच धुवायची, कवडूकाकांनी लाइन जोडून दिल्यावर आणि कीर्तनकारबुवा यायच्या आत. एरवी वर्षभर तो माइक कपाटात धूळ खात पडायचा, तेव्हा कोणी त्याच्याकडे बघतही नसे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि कधी जुळवलं नाही. मला लाज वाटते. माफ कर एवढं लिहून भागणार नाही, म्हणून काम सांगतो. चार बोटांचं मी जे बोललो ते विसर. तू पुन्हा गाऊ नकोस. जसा गायलास तसाच तो शब्दन् शब्द कळेल असा करून देणं हे माझं काम आहे. नवा मिक्स करतो.

दुसरी गोष्ट. रीताताईच्या मुलीचं बारसं सेलूलाच आहे, सव्वा महिना झाल्यावर, ५ मार्चला. आई गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला नवस बोलली होती, तो फेडून आली. तिथल्या गर्दीत ती सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते, घरी आली की पुन्हा वेगळी. बाबांनी स्टुडिओत फोन केला. बारशाला कवडूकाकांचं सामान सांगितलं आहे आणि कपाटात माइक नाही. मी म्हणालो, अंकितकडे आहे. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "बारशाच्या आत घरी आला पाहिजे." मी सांगितलं की रेकॉर्डिंग अजून अपुरं आहे, इतक्यात मिळणार नाही. म्हणजे माइक तुझ्याकडेच राहू दे, काळजी करू नकोस.

तुझा,
निकेश


सेलू,
१८ फेब्रुवारी २०००

निकेश,

पत्राचा पहिला अर्धा भाग वाचून डोळे भरले. दुसरा वाचून कपाळावर हात मारला.

रेकॉर्डिंग अपुरं आहे? पुन्हा फेडर खालीच ओढलास की रे. तुझ्या बाबांना वाटणार, कवडूच्या पोरानं माइक दाबून ठेवला. माइक तुमचा आहे. मला तो ठेवून घ्यायचा नाही आणि लपवायचा तर मुळीच नाही.

बारशाला बाबांबरोबर मी येणार आहे. माइक बॅगेत घालून आणीन आणि काकूंच्या हातात देईन. मी त्याच्यावर गायलो हेही सांगेन. पुढे त्यांना काय करायचं ते त्या करतील. तोपर्यंत तुला तुझ्या बाबांना खरं काय ते सांगायचं असेल तर सांग. नसेल तर नको सांगूस, पण माझ्या नावावर खोटं खपवू नकोस.

अंकित


पुणे,
२८ फेब्रुवारी २०००

प्रिय अंकित,

सांगितलं. फोनवर जीभ रेटेना, म्हणून बाबांना पत्र लिहिलं. अंकितनं त्या माइकवर गाणं गायलं आहे, ते गाणं आपल्या घराबद्दल आहे, त्याच्या चारही ओळी खऱ्या आहेत, असं लिहिलं. खाली तुझ्या ओळी उतरवल्या. आई जाळी का धुवायची हे मला आता समजलं आहे आणि यापुढे मला ते चालणार नाही, असंही लिहिलं. टपालपेटीत पत्र टाकल्यावर ते परत काढता येईल का म्हणून मी पेटीपाशी उभा राहिलो होतो. असा मी शूर.

बाबांचं कार्ड काल आलं. "तुझे पत्र मिळाले. इकडे सर्व ठीक. हरभरा निघाला. बारशाला येणे." एवढंच. त्यांना राग आला, वाईट वाटलं की त्यांनी वाचून सोडून दिलं, काही कळत नाही. इथे मला दर आवाजाचा चढउतार दाखवणारी सुई आहे, बाबांसाठी तसली सुई कुठून आणू?

मी येत नाही आहे. रजा नाही हे खरं. मी ती जोर लावून मागितली नाही, हेही तितकंच खरं.

नवा मिक्स सोबत आहे. घुमारा काढून टाकला. तुझी वाट पुन्हा मोकळी केली. मोठ्या स्पीकरवर छान वाटत होतं, पण तेवढ्यानं मनाला पटेना. मग गोदामातून एक छोटा, फुटक्या आवाजाचा स्पीकर काढला आणि त्याच्यावर ऐकलं. मला कवडूकाकांचा भोंगा आठवला. भोंगा खर्ज टाकून देतो, वरची किणकिणही टाकून देतो, मधलं तेवढं ठेवतो. माणसाचं बोलणं मधेच असतं. त्या फुटक्या स्पीकरवर तू शब्दन् शब्द कळलास, तेव्हा मी मशीन बंद केलं.

आता तो मिक्स तुझा आहे. तुला वाटेल तिथे लाव.

तुझा,
निक्या


सेलू,
७ मार्च २०००

प्रिय निक्या,

बारसं झालं. भाचीचं नाव हर्षा ठेवलं. नाक तुझ्यासारखं आहे, पण ती मोठी होईपर्यंत बदलेल असं सगळे म्हणतात.

सकाळी सामान लावलं. एक भोंगा तुमच्या दुकानाच्या पत्र्यावर, दुसरा समोरच्या कडुनिंबाला. लाइन तपासायला बाबा हाताला लागेल ती कॅसेट लावतात. मी त्यांच्या हातात तुझी दिली. आयत्या वेळी सुचलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. रात्रीच ठरवलं होतं.

तू भोंग्याबद्दल लिहिलंस तसंच झालं. ओमप्रकाशच्या गिटारी पातळ झाल्या, ड्रम म्हणजे रॉकेलचा डबा. उरलो मी एकटा. "आता सारं सेलू धुवा" हे पार चौकापर्यंत गेलं. समोरच्या दुकानातून पुंडलिकराव तराजूतलं वजन हातात घेऊनच बाहेर आले. तुझे बाबा गादीवर होते. ते उठले नाहीत. बंद करा असंही कोणाला म्हणाले नाहीत. गाणं संपेपर्यंत खाली मान घालून बसून राहिले.

बाबांनी मशीन बंद केलं आणि मला विचारलं, "तुह्या आवाज होय?" मी हो म्हणालो. ते वायर सरळ करायला लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे तेलाची गोष्ट तुले पटली नोती तं." इतकी वर्षं, निक्या, त्यांना वाटत होतं की मला पटली.

दुपारी बायका जमल्या, पाळणा सजला. काकू मांडवात आल्या आणि सवयीनं हात पुढे केला, "माइक?" मी बॅगेतून रुपेरी माइक काढला आणि वायर जोडून दिला. म्हणालो, "काकू, हा तुमचा. मी याच्यावर तोंड लावून गायलो. सकाळी वाजलं ते याच्यावरचंच." पाठ केलेलं वाक्य होतं, तरी मध्येच अडखळलो. शेजारी स्टँडवर बाबांचा काळा माइक होता. काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हातातल्याकडे. धुतलेला असा एकही माइक मांडवात नव्हता. मला वाटलं, आता त्या न्हाणीकडे जाणार. रीताताई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आई, सुरू कर ना, रडून राह्यली ना ती."

काकूंनी माइक हातभर लांब धरला आणि पाळणा म्हणायला लागल्या. भोंग्यातून काही येईना. मागून बायका ओरडल्या, "ऐकू नाई येऊन राह्यलं!" काकू तशाच म्हणत राहिल्या. बाबा मशीनपाशी बसले होते. तुमच्या दारात बाबा मोठ्यानं बोललेले मी आजवर ऐकलेले नाहीत. त्यांनी तिथून हाक दिली, "बाई, माइक तोंडाजवळ घ्या. दुरून आवाज येत नाई."

काकू थांबल्या. त्यांनी जाळीकडे बघितलं, मग बाबांकडे. आणि माइक जवळ आणला. चार बोटं नाही निक्या, त्याहून जवळ, अगदी ओठांशी. पहिल्या ओळीआधीचा त्यांचा श्वास सुद्धा भोंग्यातून बाहेर पडला. तुझ्या आईचा आवाज इतका गोड आहे हे मला माहीतच नव्हतं. तुला तरी माहीत आहे का? दोन कडवी झाल्यावर त्यांचे शब्द चुकायला लागले. बायकांना वाटलं, नातीच्या आनंदानं. असेलही.

संध्याकाळी सामान उतरवलं. काकूंनी माइक आत नेला नाही. बाबांच्या पेटीत, काळ्या माइकशेजारी ठेवला आणि आमच्यासाठी चहा सांगायला गेल्या. चहा मांडवातच आला, घरात कोणी बोलावलं नाही. हे तुला मुद्दाम लिहितो आहे, नाहीतर तू तिकडे बसून सगळं गोड करून टाकशील. निघताना तुझे बाबा ओट्यावर आले. म्हणाले, "कवडू, पोराचे शब्द समजले." आवडले की नाही, ते बोलले नाहीत. बाबा म्हणाले, "हो शेठ." मग आम्ही घरी आलो. वाटेत बाबा त्या भीमगीताच्या दोन ओळी गुणगुणत होते, बारीक आवाजात.

स्पर्धेची तारीख केव्हाच गेली, ओमप्रकाश माझ्यावर तणतणतो आहे. पण तू मिक्स अजून पक्का करू नकोस. काल मी तो पुन्हा शांतपणे ऐकला. तिसऱ्या ओळीत बाबांचा उल्लेख येतो, तिथे डावी गिटार थोडी अंगावर येते. तिथे माझा आवाज अजून जरा पुढे घे.

तुझा,
अंकित